अडतीस चुलींचे गाव

डोंगरातल्या एका पाणथळीचे पाणी उत्तरेला जाते की दक्षिणेला, एवढेच पाहायला आम्ही तिघे निघालो होतो. सांगायला हे काम केवढेसे! पण त्या उत्तरावर अडतीस चुलींचे एक अख्खे गाव अडकून पडले होते.

आमच्या लेसोथोत त्या सुमारास एका जुन्या जिल्ह्याचा डोंगराळ भाग तोडून नवा जिल्हा केला गेला. कागदावर त्याची सीमा एका ओळीत लिहिली होती : 'दोन नद्यांचे पाणी जिथे वेगळे होते, त्या धारेवरून.' लिहायला ओळ सुरेख होती. पण मालुतीच्या रांगांत, दोन उंच धारांच्या मध्ये, एक पठार होते. पठाराच्या उत्तर टोकाची घळ जुन्या जिल्ह्याच्या नदीकडे उतरत होती, दक्षिण टोकाची आमच्या नव्या जिल्ह्याच्या नदीकडे. मध्ये पाणथळ, आणि पाणथळीभोवती हा-मोखेले नावाचे गाव. तिथले पाणी कुणीकडे जाते, हे कुणी जाऊन पाहिलेच नव्हते. जुना जिल्हा म्हणे, 'तुम्ही आता नव्यात.' नवा म्हणे, 'आमच्या यादीत तुमचं नाव नाही.'

हे दुसरे वाक्य म्हणणारी मीच होते.

माझे नाव न्थोफेला. मी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होते, वय चोवीस. फेब्रुवारीत एक माणूस दोन दिवस डोंगर तुडवून माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात गवती टोपी. म्हणाला, "लस टोचायला नर्स पाठवताय म्हणे. आमच्याकडेही पाठवा." मी यादी उघडली, बोट वरपासून खालपर्यंत फिरवले आणि ते वाक्य म्हटले. तो 'बरं' म्हणाला, मी दिलेला चहा प्यायला आणि गेला.

ऑगस्टच्या शेवटी, आमच्याकडे हिवाळा सरतो तेव्हा, पेन्सिलीने लिहिलेले एक पत्र आले. त्या गावची प्रमुख मामोखेले नावाची विधवा बाई होती, तिचे. 'आम्ही अडतीस चुली आहोत. या हिवाळ्यात गोवराने आमची तीन लेकरं गेली. आमचं पाणी कुठे जातं ते पाहायला कुणाला तरी पाठवा. पाहुण्यांची सोय आम्ही करू.'

ते पत्र मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. लसीच्या गावांची नवी यादी तीस सप्टेंबरच्या दुपारी बिनतारीवरून राजधानीला जाणार होती. त्यात नाव नसेल, तर पुढचे वर्षभर लस नाही. मी साहेबांना सांगितले, मोजणीदाराबरोबर मीही जाणार. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण का, ते विचारले नाही.

बावीस तारखेला आम्ही निघालो. मोजणीदार होते न्ताते लेत्लात्सा. आमच्याकडे मोठ्या माणसाला न्ताते म्हणतात आणि मोठ्या बाईला म्मे. वय साठीच्या जवळ, पाठ ताठ, बोलणे मोजून मापून. मोजणीची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या जुन्या कोटात गुंडाळून पेटीत ठेवली होती. सीमेवर ठोकायचा लोखंडी खुंटा मात्र त्यांनी आपल्याच खोगिराला बांधला. तिसरा ख्वाराई, तट्टांचा मालक. सोन्याच्या खाणीत बारा वर्षे काढून आणि डाव्या हाताची दोन बोटे तिथेच ठेवून परत आलेला. तोंड मात्र शाबूत!

"औसी," बहिणीला मारावी तशी हाक मारून तो मला म्हणाला, "खोगिरात पोत्यासारखी बसू नकोस. तट्टूला वाटेल, मका चाललाय गिरणीत."

"तुझं तट्टूच पाठीला काटक्यांचा भारा आहे, मी काय करू?"

"ऐकलंत का, न्ताते? कचेरीच्या बाईला जीभ आहे!"

न्ताते लेत्लात्सांनी नुसते घड्याळ पाहिले.

खालच्या खोऱ्यात पीचची झाडे गुलाबी फुलली होती. नांगरट सुरू व्हायची होती. बायका वाटेवरच्या दगडांवर गोधड्या वाळत घालून आम्हाला 'खोत्सो!', म्हणजे 'शांती असो', म्हणत होत्या, आम्ही तसेच उत्तर देत होतो. पहिली रात्र एका शाळेच्या पडवीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीवर पोहोचलो आणि पाहिले, तर नदी काठोकाठ!

वर कुठेतरी बर्फ पडून वितळले होते. पाणी तपकिरी, वेगवान, मधूनच दगड गडगडवत नेणारे. ख्वाराईने तीन ठिकाणी काठी टाकून पाहिली. मग म्हणाला, "इथून. तट्टूचं डोकं वरच्या अंगाला ठेवायचं. खाली पाण्याकडे बघायचं नाही. पाण्याकडे बघितलंस तर पाण्यात जाशील."

मी समोरच्या काठावरच्या एका काळ्या खडकाकडे बघत राहिले. पाणी रिकिबीपर्यंत आले. मग मांडीपर्यंत. तट्टूचे पाय सुटले! क्षणभर आम्ही नुसते वाहत होतो. मग खूर दगडाला लागले, त्याने झेप घेतली, आणि मी काठावर होते.

मागे ओरडा झाला. सामानाचे तट्टू आडवे झाले होते! ख्वाराईने दोर मनगटाला गुंडाळलेला. तो गळ्यापर्यंत पाण्यात. तट्टूचे डोके वर यायचे, बुडायचे, परत वर यायचे. न्ताते लेत्लात्सा माघारी पाण्यात शिरले, त्यांनी दोराचे दुसरे टोक धरले. मीही धरले. आम्ही ओढले. दोर तळव्यातून कातडे घेऊन गेला. शेवटी तट्टू चिखलात गुडघ्यांवर आले, थरथरले आणि उभे राहिले.

पण सामानाचा पट्टा तुटला होता. पिठाची पिशवी होती. पेटी गेली होती.

न्ताते लेत्लात्सा काठाकाठाने खाली चालत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. बावीस वर्षे ती दुर्बीण त्यांच्याबरोबर होती, हे मला नंतर कळले.

"परत फिरू," ते म्हणाले. "यंत्राशिवाय मोजणी होत नाही."

"न्ताते," ख्वाराई दात वाजवत म्हणाला, "पाणी कुठं जातं ते पाण्याला ठाऊक असतं. त्याला यंत्र लागत नाही."

"सरकारी मोजणी आहे ही. गप्पा नाहीत."

मग मी बोलले. इतके दिवस पोटात ठेवलेले सगळे. फेब्रुवारीतला माणूस, यादीवर फिरवलेले माझे बोट, हिवाळ्यातली तीन लेकरे. न्तातेंनी ऐकून घेतले. ओल्या विजारीतले पाणी पिळले. खोगिरावरचा खुंटा घट्ट आहे का ते पाहिले.

"उजेड आहे तोवर चढू या," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निळे होते. खिंड समोर दिसत होती, दोन काळ्या कड्यांमधली खाच. चढण नागमोडी, गवत पिवळे, वारा थंड पण सुसह्य. एक मोठे गिधाड आमच्या खालून उडत गेले, इतके आम्ही वर होतो. मी पहिल्यांदाच माझ्या देशाच्या पाठीवर उभी राहून पाहत होते : डोंगरामागे डोंगर, त्यामागे डोंगर, सगळे निळे होत गेलेले.

दुपारी बारानंतर ख्वाराईची थट्टा बंद पडली. त्यावरून मी ओळखले. मी वळून पाहिले, तर दक्षिणेकडचे डोंगर नव्हतेच! तिथे एक पांढरी भिंत होती, आणि ती आमच्याकडे येत होती.

"खिंड ओलांडायची," तो म्हणाला. "मागे उतरलो तर उघड्या सोंडेवर सापडू. पलीकडे गाव आहे. चला!"

खिंडीच्या तोंडाशी वादळाने आम्हाला गाठले. बर्फ वरून पडत नव्हते, आडवे येत होते. डोळे उघडता येईनात. ख्वाराईने तिघांना एका दोरात बांधले. तट्टे पुढे, आम्ही शेपट्या धरून मागे. पाय घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. खिंड मागे पडली हे चढण संपून उतार लागला तेव्हाच कळले. मग उतारही कळेना. सगळीकडे पांढरे, वर पांढरे, खाली पांढरे. पुढचे तट्टू थांबले. ख्वाराईने ओढले, शिव्या दिल्या, विनवले. ते हलेना.

"का थांबलंय?" मी ओरडले.

"कडा असेल पुढं. किंवा नसेल. मला दिसत नाही, औसी."

ख्वाराईला दिसत नाही, हे ऐकून मला खरी भीती वाटली. माझे पाय कधीच बधिर झाले होते. खाली बसावे, थोडे बसावे, एवढेच मनात येत होते. मी बसलेसुद्धा. न्तातेंनी मला दंडाला धरून उठवले. मी पुन्हा बसले.

तेव्हा तो आवाज आला.

टण्ण! मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टण्ण! लोखंडावर लोखंड. डावीकडून.

"नांगराचा फाळ!" ख्वाराई किंचाळला. "फाळ वाजवतायत! डावीकडं! उठ!"

आम्ही त्या आवाजाकडे निघालो. वाऱ्याने तो मधूनच पुसला जाई, की आम्ही थांबायचो. पुन्हा टण्ण, की पुन्हा चालायचो. किती वेळ, मला सांगता येत नाही. मी शेवटी पडले ती उठलेच नाही. मग घोंगड्या पांघरलेल्या दोन-तीन आकृती बर्फातून वर आल्या. कुणीतरी मला पाठीवर घेतले. त्या माणसाच्या घोंगडीला धुराचा आणि मेंढ्यांचा वास येत होता. इतका चांगला वास मी कधी घेतला नव्हता!

शुद्ध आली तेव्हा मी एका गोल खोपीत होते. शेणीचा विस्तव लालबुंद होता. एक जाडजूड म्हातारी बाई माझी पावले आपल्या उघड्या पोटाला लावून, वर घोंगडी ओढून बसली होती. मी पाय मागे घ्यायला गेले.

"गप पड, पोरी," ती म्हणाली. "बोटं हवीत ना? मग गप पड."

ती म्मे मामोखेले होती. गावची प्रमुख!

"आम्ही येतोय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"कुणी नाही."

"मग फाळ कुणासाठी वाजवत होतात?"

तिला प्रश्नच कळला नाही. "अशा हवेत कुणी ना कुणी बाहेर असतंच की. वारा पडेपर्यंत वाजवायचा. पाळी लावतो आम्ही."

मला रडू आले. ती हसली आणि म्हणाली, "पायात जीव आला वाटतं. आता दुखेल."

दुखले! देवा, किती दुखले! त्यातच दाराशी बसलेल्या माणसाकडे माझी नजर गेली. मला पाठीवरून आणणारा तोच होता. तो गवती टोपीवरचे बर्फ झटकत होता, आणि मी त्याला ओळखले. फेब्रुवारीतला माणूस. त्याचे नाव सेखोबे, म्मे मामोखेलेचा धाकटा दीर.

मी म्हटले, "न्ताते सेखोबे, मी ती कचेरीतली..."

"ओळखलं ना. बर्फ पुसल्यावर लगेच ओळखलं."

"मी तुम्हाला परत पाठवलं होतं."

"हो." त्याने विस्तवात एक शेणी सारली. हिवाळ्यात गेलेल्या तीन लेकरांतली एक लेक त्याची होती, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. "राग आला होता मला. घरापर्यंत पुरला, दोन दिवस. त्या दिवशी तू मला चहा दिला होतास. त्यात साखर फार होती."

"पाच चमचे घातले होते," मी म्हटले. "दुसरं काही देता येत नव्हतं म्हणून."

"तेच म्हटलं मी बायकोला. बाई काहीतरी द्यायला बघत होती." मग त्याने मक्याची उकड आणि रानभाजी माझ्यापुढे सरकवली. "खा. आलीस ना. खा आता."

वादळ सव्वीसच्या पहाटे थांबले. सूर्य वर आला तेव्हा सगळे पठार डोळे दिपवत होते. खोप्यांच्या छपरांवर बर्फाच्या गाद्या, प्रत्येकीतून धुराची रेघ. मधल्या पाणथळीवर पातळ पापुद्रा होता, तो ऊन लागताच विरला. खाली पाणी दिसू लागले. काठावरून दगड मारला तर पलीकडे पडेल एवढेच ते तळे, काळे आणि निश्चल. वारा अजिबात नव्हता.

न्ताते लेत्लात्सा तळ्याभोवती दोनदा चालले. लोक जमले. मोजणीदाराला यंत्र नाही, हे सगळ्यांना ख्वाराईने सांगून ठेवलेच होते.

"आता कसं बघणार?" एका आजोबांनी विचारले. "जीभ लावून?"

"म्मे," न्ताते म्हणाले, "ज्वारीचा कोंडा मिळेल का? टोपलीभर."

कोंडा आला. न्तातेंनी एका माणसाला उत्तरेच्या घळीच्या तोंडाशी उभे केले, सेखोबेला दक्षिणेच्या. मग बूट काढून, विजार गुडघ्यावर घेऊन ते त्या बर्फगार पाण्यात शिरले आणि बरोबर मध्यावर कोंडा सोडला. कोंड्याची तांबूस चकती पाण्यावर पसरली. सगळे गाव श्वास रोखून उभे! बराच वेळ काहीच झाले नाही. मग चकती लांबट झाली. मधून बारीक झाली. तुटली.

"आला! आला! इकडं आला!" उत्तरेचा माणूस ओरडला.

"इकडेही आला!" दक्षिणेकडून सेखोबे.

न्तातेंचे ओठ काळेनिळे पडले होते. त्यांनी आणखी दोनदा कोंडा सोडला. तिन्ही वेळा तो अर्धा इकडे गेला, अर्धा तिकडे. पाण्याने दोन्ही नद्यांना वाटा दिला होता!

लोकांनी हसून टाळ्या पिटल्या. न्ताते हसले नाहीत. खोपीत येऊन, पाय विस्तवाशी धरून, त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि मध्ये एक रेघ ओढली. हुकुमाप्रमाणे सीमा तळ्याच्या मधून जात होती. सतरा चुली जुन्या जिल्ह्यात, एकवीस नव्यात.

म्मे मामोखेलेने नकाशावर वाकून पाहिले. "म्हणजे मी इकडे आणि माझी लेक तिकडे?"

"हो."

"आणि सेखोबेचं घर इकडे, गुरांचा वाडा तिकडे?"

"बैलांना मग परवाना लागेल," ख्वाराई म्हणाला. कुणीच हसले नाही.

"न्ताते," म्मे मामोखेले सावकाश म्हणाली, "एका गावाला विचारत नाहीत, ते दोन अर्ध्या गावांना काय विचारतील?"

दुपारभर न्ताते तो लोखंडी खुंटा हातात घेऊन गावातून फिरले. तळ्याच्या काठी थांबायचे, पुढे जायचे. एका खोपीसमोर बायका धान्य पाखडत होत्या, तिथे ते उभे राहिले. तीन लहान दगडांच्या राशींपाशी त्यांनी टोपी काढली. संध्याकाळी आले ते खुंटा दाराबाहेर आडवा ठेवून आत आले.

"म्मे, तुमचं माणूस आजारी पडलं, तर कोणत्या वाटेने नेता?"

"हे लोक आले त्या खिंडीतून. दोन दिवस. पलीकडच्या धारेवरून तीन दिवस लागतात."

"मीठ, साखर?"

"त्याच खिंडीतून."

"लेकी कुठे दिल्यात?"

"बहुतेक तिकडेच, खालच्या खोऱ्यात."

न्ताते माझ्याकडे वळले. "लिही. 'या जागी सीमा पाण्यावरून ठरत नाही. तीन वेळा पाहिले. सबब ती वहिवाटीवरून ठरवावी आणि गाव अखंड नव्या जिल्ह्यात धरावे. खुंटा ठोकलेला नाही.' खाली माझी सही, म्मेंची सही." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ते थोडे हसले. "तीस वर्षं खुंटे ठोकले मी. न ठोकण्याची सवय नाही. हात रिकामा रिकामा वाटतोय."

मी सत्तावीसचा संपूर्ण दिवस यादी केली. चूल, माणसे, लेकरे, वये. अडतीस चुली, पाच वर्षांखालची त्रेपन्न मुले. माझे अक्षर इतके नीट कधी आले नव्हते.

संध्याकाळी ख्वाराई खिंडीकडून परतला. भुवयांवर बर्फ. "छातीएवढं आहे," तो म्हणाला. "या बाजूला वाऱ्याने सगळं आणून भरलंय. तट्टू जाणार नाही. आठ दिवस लागतील वितळायला."

हातात तीन दिवस होते. मी म्मे मामोखेलेला तारखेचे सांगितले. लस आत्ता नाही तर वर्षाने, हेही. ती उठली, बाहेर गेली आणि फाळावर घण मारला. पाच मिनिटांत सगळे गाव अंगणात उभे! मी पुन्हा सगळे सांगितले. कुणी ओरडले नाही, कुणी दोष दिला नाही. फक्त पुरुष एकमेकांकडे पाहू लागले.

"बैल," सेखोबे म्हणाला.

"हिवाळ्यात हाडं निघालीत त्यांची," एकजण म्हणाला. "महिन्याने नांगराला जुंपायचेत. बैल गेला तर पेरणी गेली."

"माहीत आहे मला. माझा पुढे घालतो."

अठ्ठावीसच्या सकाळी, ऊन पडताच, एकवीस बैल खिंडीच्या चढाला लागले. सर्वांत पुढे सेखोबेचा काळापांढरा फात्सोआ, शिंगे हातभर लांब, छाती पेटाऱ्यासारखी. मागे दोन-दोनची ओळ. बाजूने पुरुष काठ्या घेऊन, बायका फावडी घेऊन, सगळे एका सुरात ओरडत!

फात्सोआ बर्फात शिरला. छातीने ढकलले. थांबला. फुरफुरला. पुन्हा ढकलले. त्याच्या अंगातून वाफ निघत होती. मागचे बैल तुडवत येत होते, त्यांच्या मागे बायका कडा छाटत होत्या. हातभर वाट. मग दहा हात. मग शंभर. पुढचा बैल थकला की बाजूला घ्यायचा, दुसरा पुढे. पण दुसरे बैल बर्फाला तोंड देईनात, आणि दर वेळी फात्सोआच पुन्हा पुढे आणावा लागे. मीही फावडे मारत होते. तळहात पुन्हा फुटले. ख्वाराई तीन बोटांनी बैलाची शेपटी पिळत होता आणि बैलाला मी इथे लिहू शकत नाही असे काहीतरी म्हणत होता.

दुपारी खिंडीची खाच समोर आली. शेवटचे वीस हात! तिथे वाऱ्याने कड्याच्या बाहेर बर्फाची झालर काढली होती, आणि ती खालच्या दगडावर नाही, हवेत उभी आहे, हे कुणालाच दिसले नाही. फात्सोआने छाती लावली. एकदा. दोनदा. खिंड फुटली! पलीकडचे आभाळ दिसले! लोकांनी आरोळी ठोकली आणि त्या आरोळीतच डावीकडची झालर तुटली. बैलाचे मागचे पाय गेले. सेखोबेने शिंगे पकडली. दोघे घसरले.

"सोड!" ख्वाराई ओरडला. "सोड त्याला!"

न्ताते लेत्लात्सांनी सेखोबेच्या घोंगडीला मिठी मारली, मी न्तातेंना. सेखोबेच्या हातून शिंगे सुटली. बैलाने आवाज केला नाही. खाली खूप खोलवर बर्फ हलले, आणि मग शांतता.

आम्ही तिघे तिथेच एकमेकांवर पडून होतो. उठून सेखोबे काठाशी गेला, वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

तो वळला. "ऊन आहे तोवर उतरा," म्हणाला. माझ्या छातीशी बांधलेल्या पिशवीकडे बोट दाखवले. "नदीत यादी भिजवू नकोस."

म्मे मामोखेले दम टाकत वर आली. तिने आमच्या तिघांच्या हातात एक एक वाफवलेली भाकरी दिली. "रस्त्यात खा. थांबू नका."

आम्ही थांबलो नाही. नदी उतरली होती, आम्ही न भिजता पार झालो. तीस तारखेला सव्वाअकराला मी कचेरीत शिरले, चिखलाने माखलेली, सुजलेल्या पायांत ख्वाराईचे जोडे. बिनतारीवरच्या माणसाने यादी हातात घेतली, माझ्याकडे पाहिले आणि खुर्ची दिली. मी बसले नाही. त्याने शेवटचे नाव उच्चारेपर्यंत त्याच्या खांद्याशी उभी राहिले : हा-मोखेले, त्रेपन्न मुले.

सीमेचा निकाल लागायला पुढे दीड वर्ष लागले. न्ताते लेत्लात्सांचा शब्द शेवटी मानला गेला. पण त्याची वाट न बघता ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन नर्स, थंड पेट्या आणि ख्वाराईची तट्टे त्या खिंडीतून वर गेली. मीही गेले. बर्फ नव्हते. पठारावर हिरवे गवत डोकावत होते, आणि दोन घरांचे बैल जोडीला लावून सेखोबेची जमीन गावाने आधीच नांगरून दिली होती.

नर्सनी तळ्याकाठी घोंगडी अंथरली. मुले आनंदाने रांगेत उभी राहिली, ती पहिली सुई टोचेपर्यंत! मग जे रडणे सुरू झाले, ते सबंध पठारावर घुमले. एक रडले म्हणून दुसरे, दुसरे म्हणून सगळीच. नर्सचे काही चालेना. तेव्हा सेखोबे पुढे आला. आमच्याकडे बैलाची स्तुती गातात, राजाची गावी तशी. त्याने काठी उंच धरली, छाती काढली आणि फात्सोआची स्तुती म्हणायला सुरुवात केली :

"काळ्यापांढऱ्या! ढगाच्या वासरा!
तुझ्या छातीपुढे हिवाळा उठून गेला,
तुझ्या खुरांमागे माणसांची वाट झाली!"

लोकांनी हुंकार दिला. बायकांनी जिभा हलवून किलकाऱ्या मारल्या. मुले तोंडे उघडी ठेवून बघू लागली, आणि नर्सने पटापट सुया टोचल्या. सेखोबेचे गाल ओले होते, पण आवाज जराही कापला नाही. एकामागून एक कडवी तो जागच्या जागी जुळवत होता, आणि प्रत्येक कडव्याला एक मूल पार पडत होते.

मी एका वर्षाच्या बाळाचा दंड धरून बसले होते. कापूस दाबता दाबता मी म्हटले, "न्ताते सेखोबे, मी तुमची आभारी आहे. तुम्हा सगळ्यांची." त्या गोंगाटात ते कुणाला ऐकू गेले नाही. म्हणून बाळाला कडेवर घेऊन मी उठले, सेखोबेच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पुन्हा मोठ्याने म्हटले.

त्याने कडवे मध्येच थांबवले. "तू आता हुंकार दे," म्हणाला, "अजून सव्वीस पोरं बाकी आहेत."